मागच्या सीटचं तापमान

३ डिसेंबर, बुधवार

कुवेतमध्ये थंडी आली. सकाळी शुवैखच्या डेपोत शिरलो तर वॉचमन पत्र्याच्या डब्यात फळ्या पेटवून शेकत बसलेला. काल अकरा होतं, आज आठ.

समीर साहेबांनी बोलावलं. आमचे इजिप्शियन इंजिनिअर. माणूस चांगला, फक्त प्रश्न संपायच्या आत उत्तर हवं असतं. नव्या इलेक्ट्रिक बसची हिवाळ्याची चाचणी माझ्या गळ्यात. डिझेल बसला हीटर म्हणजे इंजिनाची उरलेली ऊब, फुकटची. हिचं सगळं बॅटरीतून. हीटर बावीसवर ठेवला तर संध्याकाळच्या फेरीला बस रस्त्यात बसणार, बंद ठेवला तर माणसं कुडकुडणार. मधला आकडा शोध, म्हणाले. फेब्रुवारीत अहवाल. तो पटला तर पुढच्या हिवाळ्यापासून सगळ्या बसना तोच आकडा.

वीस वर्षं एसीची कामं केली. गारवा कसा करायचा ते झोपेतही सांगेन. ऊब पहिल्यांदाच.

मार्ग: सुलैबियातला साफसफाई कंपनीचा कॅम्प ते हॉस्पिटल. पहाटे पावणेपाच. म्हणजे हलिमाखाला कामाला जाते तीच बस की! माझी बायको मेघनाही त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, पण ती महबूल्यातल्या आमच्या घरून आपल्या गाडीने जाते. संध्याकाळी खालाला फोन केला, तुझ्या बसचा डॉक्टर आता मी. ती म्हणाली, "मंग सुई नको टोचू. गोधडी घाल नुसती."

७ डिसेंबर, रविवार

तापमान नोंदवणारी दोन यंत्रं बसवली. काडेपेटीएवढी. दर पाच मिनिटांनी आकडा स्वतःच लिहून ठेवतात. एक ड्रायव्हरच्या डोक्यावर, दुसरं सगळ्यात मागच्या बाकाच्या पायाला, खाली. मागचं मुद्दाम. मागच्या दारातून वारा येतो तो तिथेच.

बसवलं दुपारी दोनला, बस डेपोत उभी असताना, छान उन्हात. ड्रायव्हर बिजू केरळचा. म्हणाला, "साब, एक दिन सुबह में आके बैठो." येतो म्हटलं.

११ डिसेंबर, गुरुवार

हीटर अठरावर. पहाटेच्या फेरीत पुढचं यंत्र सतरा सांगतंय, ठीक. मागचं सरासरी साडेवीस! दोनदा तपासलं. बरोबर आहे. मोटर मागे, शिवाय शेवटच्या बाकावर पाच जणी दाटीवाटीने बसतात, अंगाची ऊब. असंच असणार. मागे आपोआप ऊब असेल तर हीटर अजून खाली नेता येईल.

खूश आहे. बऱ्याच दिवसांनी काहीतरी शोधून काढल्यासारखं वाटलं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

खाला जेवायला आली. शुक्रवारी तिची अर्धी ड्यूटी, ती आटोपून थेट इकडे. येताना तांदळाच्या भाकऱ्या. मे. ने सुरमई केली होती.

बसल्या बसल्या म्हणाली, "विलास, बस गार हाय रे. मागं तर हाडं धरतात." मी मोबाईलवर आलेख काढून दाखवला. साडेवीस आहे खाला, आपल्या या खोलीत एवढंच असेल. तिने बघितलंसुद्धा नाही. "आकडा पांघरून बसू काय मी?" सगळे हसलो. आमची लेक इराही हसली, तिला मराठी अर्धंच कळतं तरी. मे. ने स्वतःचा जाड स्वेटर दिला.

ती गेल्यावर मी म्हटलं, छप्पन्न पूर्ण झालीत, थंडी वाजणारच. मे. ताटं उचलून आत गेली.

ओळखीला अकरा वर्षं झाली. मी गुहागरचा, ती आणि तिचा नवरा रशीदचाचा मंडणगडचे, एवढ्यावर जडलेलं नातं. एकटा होतो तेव्हा दर शुक्रवारी त्यांच्याकडे माझं ताट. चाचा शिवणकाम करायचे. माझं पहिलं थंडीचं जाकीट त्यांनीच उसवून मापाचं केलं. इराच्या वेळी मे. च्या आईला व्हिसा मिळाला नाही, तर खालाने चाळीस दिवस येऊन बाळबाळंतिणीला शेक दिला. चाचा गेले तेव्हा वाटलं आता गावी जाईल. पण धाकटी मुलगी शबाना नर्सिंगला. "ती पास हुईपर्यंत" म्हणून हॉस्पिटलात झाडू-पोछा धरला. आता शेवटचं वर्ष, परीक्षा जूनमध्ये.

२१ डिसेंबर, रविवार

हीटर सोळा. मागे १९.८. उत्तम.

फक्त शुक्रवारचा आकडा विचित्र. दोन्ही शुक्रवारी मागचं यंत्र बारा-तेरा. शुक्रवारी बायका कमी असतात, बस अर्धी रिकामी, म्हणून असेल. सरासरी बिघडते उगीच. शुक्रवार काढून टाकले.

३० डिसेंबर, मंगळवार

हीटर चौदा. मागे २०.४. हीटर खाली जातोय आणि मागचं वर. समीर साहेबांना दाखवलं, त्यांनी भुवया उंचावल्या, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. माशाल्ला. संध्याकाळी डेपोत परतताना बॅटरी चौतीस टक्के शिल्लक! पहिल्या आठवड्यात नऊवर यायची.

तक्रारवही बघितली. ड्रायव्हरच्या मागे लटकवलेली, पेन दोऱ्याला बांधलेलं. इंग्रजी आणि अरबी. कोरी.

६ जानेवारी, मंगळवार

उत्तरेचा वारा, तीन दिवस झाले. बाहेर सहा.

मीटिंगमध्ये असताना खालाचा फोन. बाहेर येऊन घेतला. "मना बोटं मिटता येत नाय रे सकाळची. बसमधून उतरलं की अशी काठीसारखी." म्हटलं दोन स्वेटर घाल, आणि डॉक्टरला दाखव, व्हिटॅमिन कमी असेल. "बस…" म्हणाली आणि थांबली. मी म्हटलं खाला मीटिंग आहे, रात्री करतो.

केला नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मे. ने तिळाचे लाडू केले. खालाचे आवडते, म्हणून संध्याकाळी सुलैबियाला जाऊन आलो. कॅम्पच्या फाटकाशी भेटली. लाडू हातावर ठेवायला गेलो तर म्हणाली, "डब्यात ठेव. नमाज झाली की खाते." हात शालीत.

बसचं काही बोलली नाही. इराच्या शाळेचं विचारलं, शबानाच्या परीक्षेचं सांगितलं. मी मनात म्हटलं, चला, सवय झाली हिला. येताना गाडीत गाणी लावून आलो. हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

(वरचं शेवटचं वाक्य २० तारखेला लिहिलं.)

२० जानेवारी, मंगळवार

मे. आली ती बूट न काढताच हॉलमध्ये बसली. "खालाला काढलं."

हजेरीचं यंत्र. बोट लावायचं, हिरवा दिवा लागला की आत. ते बोट गार असेल तर घेतच नाही. सकाळी बस पोचते पावणेसहाला, सहाला ड्यूटी. यंत्रापुढे बायकांची रांग, सगळ्या बोटांवर फुंकर मारत असतात. मे. म्हणते, ती रोज बघते, तिला वाटायचं बाहेरून आल्यात म्हणून. खालाची बोटं हॉस्पिटलच्या साबण-फिनेलमध्ये झिजलेली, त्यात अशी आखडलेली. दहा-दहा वेळा लावायची. सहा वाजून गेले की उशीर. उशिराच्या तीन चिठ्ठ्या झाल्या की घरी. तिसरी रविवारी मिळाली. म्हणजे संक्रांतीला दोन झाल्या होत्या आणि ती माझ्याशी शबानाच्या परीक्षेवर बोलत होती.

"मी आज तिचे हात धरले विलास. बर्फ. बस वीस असते म्हणतोस ना तू?"

यंत्र चुकत नाही, एवढंच म्हणालो, तेही हळू.

इरा अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली, "डॅड, डिड यू एव्हर सिट इन इट? लाइक, इन द मॉर्निंग?"

नाही. एकदाही नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या मी.

२२ जानेवारी, गुरुवार

गेलो. साडेचारला कॅम्पपाशी. बाहेर सात. बिजूने नुसतं दार उघडलं.

मागच्या बाकावर बसलो. एका नेपाळी बाईने सरकून जागा दिली. हातातला थर्मामीटर छातीशी धरला. अकरा. दर थांब्यावर मागचं दार उघडतं आणि जी काही ऊब असेल ती बाहेर. पंधरा मिनिटांत माझी बोटं बधिर, मी जाड जाकिटात. त्या सगळ्या पातळ युनिफॉर्मवर एकेक स्वेटर. सगळ्यांचे हात काखेत.

मग वाकून बाकाखाली हात घातला. यंत्र दिसेना. चाचपडलं तर टॉवेल. टॉवेलात गुंडाळलेले डबे, सात-आठ, एकमेकांना खेटून, आणि त्यांच्या मधोमध माझं यंत्र. डबे कढत. पहाटे चारला भरलेला भात.

बिजूने उतरताना सांगितलं. हॉस्पिटलच्या आधीचा चौक आला की सगळ्या जणी आपापला डबा काढून दोन्ही हातांत धरतात. "साब, उंगली गरम हुआ तो मशीन लेता है." तोवर डबा गार होऊ नये म्हणून एकत्र गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचे, जिथे लवंडत नाहीत. जितकी थंडी जास्त तितके डबे जास्त. पहिल्यांदा दोघी-तिघी ठेवायच्या, मी हीटर उतरवत गेलो तशा सगळ्याच ठेवायला लागल्या. शुक्रवारी अर्धी ड्यूटी, डबाच नाही.

मी भात मोजत होतो. दीड महिना भाताचं तापमान मोजलं आणि त्यावर माणसांची ऊब कमी केली.

मी डेपोत येऊन आलेख उघडला. रोज पावणेपाचला सव्वीस, मग उतरत उतरत अठरा. निघताना सगळ्यात गरम, पोचताना गार. हीटरने तापणारी बस अशी कधी असते का? पहिल्या वर्षाच्या पोराला कळलं असतं. मी सरासरी बघितली, रेघ बघितलीच नाही.

चौकातून वळल्यावर त्या सगळ्या डबे हातात घेऊन बसल्या होत्या, मान खाली घालून. ते डोळ्यांपुढून जात नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

दिवसभर अंथरुणात. ताप नाही. मे. ने विचारलं नाही. खाला जेवायला आली नाही, पहिल्यांदाच.

२५ जानेवारी, रविवार

सकाळीच हीटर वीसवर नेला, कुणाला न विचारता.

समीर साहेबांना सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग खिडकी बंद केली. अहवालाचा मसुदा गेल्या आठवड्यातच वर गेलाय. आता यंत्र भाताने फसलं म्हणायचं तर चाचणीच रद्द. इलेक्ट्रिक बसचा पुढचा लॉट, त्यावरची माणसं, सगळं लटकणार. "यू फिक्स इट. क्वायटली. व्हाय राइट इट डाउन?"

म्हटलं, एका बाईची नोकरी गेलीय. त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. "तुझं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, विलास." धमकी नव्हती. खरंच काळजीने म्हणाले, म्हणूनच जास्त भीती वाटली.

२७ जानेवारी, मंगळवार

मे. ने हॉस्पिटलातल्या साफसफाईच्या सुपरवायझरला गाठलं. तो श्रीलंकेचा, सज्जन आहे. म्हणाला, उशीर बसमुळे झाला असं बस कंपनीने लिहून दिलं तर तीनही चिठ्ठ्या रद्द करता येतील, त्याच्या साहेबाला तो समजावेल. पण रविवारच्या आत. रविवारी कंपनीचा मंदूब काढून टाकलेल्या सगळ्यांचे कागद घेऊन सरकारी ऑफिसात जातो. एकदा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, रद्द झाला की मग कुणाच्याच हातात काही नाही.

म्हणजे चार दिवस. एक पत्र. चार ओळी.

२८ जानेवारी, बुधवार

पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. "तांत्रिक कारणामुळे" लिहिलं, तर ते कुणालाच लागू होत नाही. "माझ्या चुकीमुळे" लिहिलं, तर हात थांबला. कंपनीच्या कागदावर शिक्का हवा. शिक्का समीर साहेबांच्या टेबलावर. मागितला नाही.

इराची पुढच्या वर्षाची शाळा. गावी आईचं औषध. इरा माझ्या इकाम्यावर. ही सगळी कारणं खरी आहेत. लिहिताना खरी वाटतात, मिटून ठेवली की लाज वाटते.

२९ जानेवारी, गुरुवार

चौथा मसुदा बॅगेत घालून हॉस्पिटलपर्यंत गेलो. शिक्का नाही, नुसती माझी सही. पार्किंगमध्ये पाऊण तास बसलो. गाडीचा हीटर चालू होता. परत आलो.

मे. ला सांगितलं, सुपरवायझर भेटला नाही. ती म्हणाली, तो दिवसभर तिथेच होता.

३१ जानेवारी, शनिवार

रात्री मे. म्हणाली, "तुझं काँट्रॅक्ट गेलं तर माझ्या व्हिसावर राहू. नाहीतर गावी जाऊ. पण इराला काय सांगायचं ते तू ठरव. मी नाही सांगणार." भांडली असती तर बरं झालं असतं.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी समीर साहेबांपुढे कागद ठेवला. "माझ्या चुकीच्या मोजणीमुळे ७ डिसेंबरपासून बसमधलं तापमान…" त्यांनी सगळं वाचलं. शिक्का काढून टेबलावर माझ्या बाजूला ठेवला आणि चहा आणायला निघून गेले. स्वतः मारला नाही, मला अडवलंही नाही. मी मारला.

हॉस्पिटलात पोचायला दहा वाजले. सुपरवायझरने पत्र दोन्ही हातांनी घेतलं. घड्याळ बघितलं. मंदूब आठ वाजताच निघाला होता. फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. साडेअकराला त्याचाच आला, झालं म्हणून.

गुरुवारी ते पत्र माझ्या बॅगेत होतं.

४ फेब्रुवारी, बुधवार

खालाला भेटलो. कॅम्पच्या मागे ऊन येतं तिथे खुर्च्या टाकून बसलो. सगळं सांगितलं. भात, यंत्र, शुक्रवार. पार्किंगचा पाऊण तास पण. तो सांगायचा नव्हता, पण तिच्यापुढे लपत नाही काही.

ती ऐकत राहिली. डब्यांचं ऐकून तिला हसूच आलं. "या अल्ला, आमच्या भातानं!" मग हसू गेलं.

"मी सांगितलं तुना. दोनदा सांगितलं."

हो खाला.

"बाकी कुणी नाय सांगणार. त्या भितात. मना वाटलं, माजा पोरगा हाय तिथं. मी सांगितलं तर बास."

मी रडलो. तिने नेहमीसारखं डोक्यावर हात नाही ठेवला. मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, "माफीबिफी नको मना. माज्या जाग्यावर जी बसंल, तिला इचार. रोज इचार." आणि उठली. बॅगा भरायच्या होत्या.

शबानाला काय सांगितलंस, असं मी जाताजाता विचारलं. "आय थकली म्हणून येतेय, असं सांगितलं. तू पण तसंच सांग."

७ फेब्रुवारी, शनिवार

विमानतळ. दुपारची फ्लाइट. वीस वर्षांच्या दोन बॅगा, एकीला नायलॉनची दोरी. मे. तिच्या गळ्यात पडून रडली. इरा पण. खाला तिला म्हणाली, "मराठी बोल गं मम्मीशी." इरा म्हणाली, "आय विल, खाला."

माझ्याशी बोलली. नाही बोलली असं नाही. गाडी सावकाश चालव, म्हणाली. आत जाताना वळून बघितलं ते मे. कडे.

घरी येताना गाडीत इराने विचारलं, तेही मराठीत, अडखळत. "बाबा, खाला आता तुमच्यावर रागावलीय?" माहीत नाही म्हटलं. तेच खरं आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

दुरुस्त अहवाल पाठवला. शुक्रवार सगळे परत घातले. मागचं यंत्र आता बाकाच्या पाठीला, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर. त्याच्याभोवती जाळी. आज हीटर वीस असताना मागे सोळा, म्हणजे अजून गारच. संध्याकाळी बॅटरी अकरा टक्के. शेवटची फेरी डिझेल बसने करावी लागली. समीर साहेब फक्त "आय सॉ इट" म्हणाले. बैठक आता रमजाननंतर. माझं काँट्रॅक्टही तेव्हाच बघू, म्हणाले.

म्हणजे मधला आकडा मला सापडलेला नाही. मागच्या दाराला जाड पडदा लावून बघायचा, प्रत्येक थांब्यावर दोन्ही दारं उघडायची नाहीत, असं काहीतरी मांडतोय. डिसेंबरमध्येच सुचायला हवं होतं. सुचलं असतं, एकदा बसलो असतो तर.

शबानाचा मेसेज: आई पोचली, दिवसभर अंगणात उन्हात बसून असते, भाई, तिला इतकं थकवलं कुणी तिकडे? उत्तर लिहायला घेतलं. अजून लिहितोय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सोमवारपासून रोज सकाळच्या बसने जातोय. चौथा दिवस. बिजूने माझ्यासाठी मागची जागा धरून ठेवायला सुरुवात केलीय.

खालाच्या जागी नवीन बाई आलीय, नेपाळची, पंचवीस-सव्वीसची. कुवेतला येऊन आठवडा झालाय. नाव विचारलं, मनमाया. हात शालीच्या आत, ओठ काळेनिळे. थर्मामीटर सतरा सांगत होता, पण त्याच्याकडे मी फारसं बघितलं नाही. तिला विचारलं, ठंडी लगती है क्या?

"नहीं सर. ठीक है."

म्हटलं, मी तक्रार करायला नाही आलो, कुणाला सांगणार नाही, खरं सांग. तिने शेजारणीकडे बघितलं. शेजारीण खिडकीबाहेर बघायला लागली.

"ठीक है सर. बहुत अच्छा है."

सोमवारी हेच म्हणाली, काल हेच, आज हेच. चौक आला तशी बाकाखाली वाकली, आपला डबा काढला आणि मी बघतोय हे लक्षात येताच पटकन शालीत लपवला. माझ्यामुळे तेवढंही तिला नीट धरता आलं नाही.

रविवारी परत बसेन तिच्या शेजारी. ती खरं सांगेपर्यंत विचारत राहणार आहे. किती दिवस लागतील, आणि तोवर मी इथे असेन का, माहीत नाही.